बेदाण्याची पुडी : भीमाकाठच्या दोन दिवसांच्या पायी सहलीतील एक प्रकरण

सोलापुरातील दोन मित्र आणि त्यांपैकी एकाने पाळलेला गावठी कुत्रा शनिवार-रविवार पाठीवर सॅक घेऊन भीमेच्या काठाने पायी फिरायला गेले असता पहिल्याच संध्याकाळी कुत्र्याने सॅकमधील बेदाणे खाल्ले, आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. तो पूर्णपणे ठणठणीत दिसत असतानाही सहल अर्धवट सोडून त्याला रात्रीतच शहरात आणण्यात आले. प्रकरण एवढेच आहे. ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या सहलीची तयारी मी आजवर पाहिलेल्या अशा तयाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगली होती आणि तरीही धोका नेमका त्या तयारीच्या आतूनच आला. कुत्र्यावर उपचार मी केले. पालक आणि त्यांचे मित्र या दोघांच्याही संमतीने, त्यांची ओळख वगळून, मी हे लिहीत आहे.

कुत्र्याचे नाव बंड्या. वय चार वर्षे, वजन १८ किलो. रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो व लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस वेळेवर दिलेली. लेप्टोची लस येथे महत्त्वाची होती, कारण उसाच्या फडात उंदीर असतात, त्यांच्या मूत्रातून हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि नदीकाठी फिरणारा कुत्रा तेच पाणी पितो. पालक एका कापड कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतात, मित्र शाळेत शिक्षक आहेत. दोघांनी सह्याद्रीतील गड पुष्कळ पाहिलेले, परंतु कुत्र्याला बरोबर घेऊन मुक्कामी जाण्याची दोघांचीही पहिलीच वेळ होती.

जागेची निवड आणि तयारी

प्रथम त्यांच्या मनात नान्नजचा माळ होता. सोलापूरहून जवळ, सपाट, मोकळा आणि हिवाळ्याच्या शेवटी सुंदर. पालकांनी मला विचारले तेव्हा मी तो बेत सोडून देण्यास सांगितले. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले, त्या गवताळ पट्ट्यात काळवीट आणि लांडगे आहेत आणि पाळीव कुत्रा हा त्या दोघांनाही नको असलेला पाहुणा आहे. कुत्र्याकडून डिस्टेंपर व रेबीज लांडग्यांमध्ये जाऊ शकतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात केवळ मारणेच नव्हे, तर वन्य प्राण्याचा पाठलाग करणेही येते. मोकळ्या माळावर कळप दिसल्यावर ‘आमचा कुत्रा नुसता खेळायला धावला’ हे म्हणणे कायद्यापुढे टिकणारे नाही आणि गाभण काळविटिणीच्या दृष्टीने तर त्याला काहीच अर्थ नाही.

म्हणून माचणूर ठरले. सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर आणि शेजारी औरंगजेबाच्या काळातील किल्ला आहे. १६९५ ते १६९९ या काळात त्याची छावणी येथेच ब्रह्मपुरीला होती. गाडी माचणूरला ठेवायची, काठाकाठाने नदीच्या प्रवाहाबरोबर खाली चालत जायचे, मित्रांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतायचे, असा साधा बेत होता. एका बाजूचे अंतर साधारण ११ किलोमीटर. वस्तीच्या मालकांना मित्र लहानपणापासून ‘तात्या’ म्हणतात, म्हणून पुढेही तात्या असाच उल्लेख करतो.

फेब्रुवारीचा शेवट होता. सोलापुरात या दिवसांत दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास पोहोचते. माणसाला ते सोसते, कारण त्याच्या सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला घाम केवळ पंजांच्या तळव्यांना येतो आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो मुख्यतः धापेवर अवलंबून असतो. त्यामुळे पालकांनी चालण्याचे तास कुत्र्याच्या हिशेबाने ठरवले : पहाटे निघून साडेदहापर्यंत चालायचे, मग झाडाखाली चार-पाच तास थांबायचे आणि उन्हे कलल्यावर उरलेले अंतर तोडायचे. डांबरी रस्ता लागला की हाताची मागची बाजू त्यावर टेकवून पाहायची, सात सेकंद ठेववली नाही तर कुत्र्याला त्यावरून न्यायचे नाही. १८ किलोच्या कुत्र्याला नुसते घरी बसूनही दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते, म्हणून त्याच्यासाठी वेगळे तीन लिटर पाणी उचलले. त्याच्या पाठीवर मात्र काहीही लादले नाही. बाजारात कुत्र्यांसाठी खोगिरासारख्या पिशव्या मिळतात, पण सवय नसलेल्या कुत्र्यावर ऐन सहलीत तो प्रयोग करू नये, हे त्यांना न सांगता कळले होते.

नदीचे पाणी त्याला पिऊ द्यायचे नाही हे मी बजावून सांगितले होते. भीमेचे पाणी उजनी धरणात अडते आणि पुढे सोडलेले पाणी पात्रात ठिकठिकाणी डोहांत साचून राहते. अशा साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग आला असेल तर त्यातील काही शेवाळे कुत्र्याचे यकृत किंवा मज्जासंस्था काही तासांत निकामी करू शकतात. पात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, तेही एक कारण होतेच. शिवाय उजनीतून नदीत आवर्तन सोडले जाते तेव्हा कोरड्या पात्रात पाणी चढते, त्यामुळे तंबू वाळूत न लावता वस्तीवरच ठोकण्याचे त्यांनी आधीपासून ठरवले होते.

जमिनीचा विचारही झाला होता. या काळात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी चालू असते आणि काढलेल्या रानात जी धसकटे उभी राहतात ती कुत्र्याच्या बोटांमधली कातडी फाडतात. बांधावर सराटे, गवतात कुसळे, बाभळीखाली काटे. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले की आतच पुढे सरकत राहते आणि आठवड्याने गळू होऊन बाहेर येते. म्हणून दर थांब्यावर चारही पंजे व कान पाहायचे आणि काढलेल्या रानातून न जाता गाडीवाटेने जायचे ठरले. रात्री कुत्र्याला बाहेर बांधून ठेवायचे नाही, तंबूत घ्यायचे, हेही ठरले होते. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतल्यापासून जिल्ह्यात उसाच्या कडेला मुक्काम करणाऱ्या कोणालाही हे पटवून द्यावे लागत नाही.

आता कामाच्या वाटणीकडे येतो, कारण सगळे प्रकरण तिथेच आहे. कुत्र्याचे सगळे सामान, म्हणजे खाणे, पाणी, पट्टा, हार्नेस, मलमपट्टी, लसीचे कार्ड, पालकांकडे होते. माणसांचे सगळे खाणे मित्रांकडे. मित्रांनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भडंग आणि चालताना तोंडात टाकायला पाव किलो बेदाणे घेतले. यादी उत्तम आहे. कडक भाकरी हलकी असते, दिवसेंदिवस टिकते आणि चटणीबरोबर चुलीशिवाय जेवण होते. पालकांना द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात हे माहीत होते, कारण बंड्या पिल्लू असताना मीच त्यांना ते सांगितले होते. मित्रांना चॉकलेटबद्दल माहीत होते, बेदाण्यांबद्दल नव्हते. ज्याला माहीत होते त्याने ती सॅक उघडून पाहिली नव्हती आणि ज्याने सॅक भरली त्याला माहीत नव्हते.

शनिवार

दिवसभरात सांगण्यासारखे फारसे घडले नाही, आणि ते चांगल्या आखणीचेच फळ होते. माचणूरला दोघांनी आळीपाळीने दर्शन घेतले, एक जण कुत्र्याला घेऊन बाहेर थांबला. वाटेत एका ऊसतोड टोळीच्या कोपीजवळ तीन-चार कुत्री अंगावर आली, तेव्हा दोघांनी बंड्याला मध्ये घेऊन, पळ न काढता, टोळीतील माणसाने हाक मारेपर्यंत तसेच उभे राहणे पसंत केले. पुढे मेंढरांचा कळप दिसल्यावर त्यांनी वाट सोडून लांबून वळसा घातला, कारण धनगराचे कुत्रे परक्या कुत्र्याला कळपाजवळ फिरकू देत नाही आणि ते त्याचे कामच आहे. दुपारी एका चिंचेखाली थांबले. चालताना दोघांनी बेदाणे खाल्ले, किती खाल्ले यावरून पुढे वाद झाला.

साडेसहाला ते वस्तीवर पोहोचले. तंबू उभारून झाल्यावर सॅक गोठ्याच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवल्या आणि दोघे तात्यांबरोबर बोअरवर हातपाय धुवायला गेले. बंड्या दिवसभर चालून दमला होता, पडवीत अंग टाकून पडला होता, म्हणून त्याला बांधले नाही. बेदाण्याची पुडी सॅकच्या बाहेरच्या जाळीच्या खिशात होती. साधारण सव्वासातला मित्र परत आले तेव्हा पुडी फाटलेली होती, काही बेदाणे जमिनीवर सांडले होते आणि बंड्या शेपूट हलवत समोर उभा होता.

येथे मित्रांचे वागणे नोंदवण्यासारखे आहे. त्यांना त्यात धोका आहे हे ठाऊक नव्हते, त्यामुळे लपवण्यासारखेही काही वाटले नाही. ते हसत हसतच म्हणाले, ‘‘अरे, तुझ्या बंड्यानं बेदाण्यांचा फडशा पाडला बघ.’’ ही थट्टा कानावर पडली नसती, तर पालकांना सकाळपर्यंत काहीच कळले नसते. सात वीसला मला फोन आला.

फोनवरचा अर्धा तास

पहिला प्रश्न किती खाल्ले हा होता. पालकांच्या मते दोघांनी दिवसभरात दोन मुठी खाल्ल्या असतील, म्हणजे फार तर ७० ग्रॅम. मित्रांच्या मते पुडी निम्मी संपली होती. सांडलेले आणि पुडीत उरलेले गोळा करून हातात घ्यायला सांगितले, ते मूठभर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम भरले. पालकांचा अंदाज खरा धरला तर बंड्याच्या पोटात १४० ग्रॅम गेले होते, मित्रांचा धरला तर ८५ ग्रॅम. १८ किलो वजनाला हे अनुक्रमे दर किलोमागे सुमारे ७.८ आणि ४.७ ग्रॅम होतात. दर किलोमागे सुमारे ३ ग्रॅम बेदाणे खाऊनही कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दोघांच्या वादाचा निकाल काहीही लागला तरी पुढचा निर्णय बदलत नव्हता, आणि मी तो वाद तिथेच थांबवला. संपर्क तुटेल या भीतीने मी बोलणे थोडक्यात ठेवत होतो, पण हा हिशेब मात्र आकड्यांसह सांगितला. नुसते ‘धोका आहे’ म्हटले असते तर पुढच्या दहा मिनिटांत जे बोलणे झाले त्यापुढे ते टिकले नसते.

कारण पडवीत आता तात्याही होते आणि त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. त्यांच्याकडे द्राक्षाची बाग आहे, शेजारी बेदाण्याचे शेड आहे. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकले : ‘‘आमचं कुत्रं बागंतच वाढलंय, डॉक्टर. पडलेली द्राक्षं रोज खातंय. त्याला काय हुत न्हाय, अन् ह्याला काय हुतंय?’’ मित्रांचा कल त्यांच्या बाजूला झुकला. बंड्या धावत होता, पाणी पीत होता, भाकरीच्या तुकड्यासाठी मागे लागत होता. आजारी कुत्र्याचे एकही चिन्ह त्याच्यात नव्हते. रात्र पडली होती, गाडी ११ किलोमीटर दूर होती, आणि एवढ्या आखणीने काढलेली सहल एका पुडीसाठी मोडायची, हे कोणाच्याही जिवावर यावे असेच होते. त्यांनी विचारले, ‘‘रात्रभर लक्ष ठेवतो, काही वाटलं तर लगेच निघतो. चालेल का?’’

मी नाही म्हणालो. त्याची कारणे फोनवर जेवढी देता आली त्यापेक्षा अधिक विस्ताराने येथे देतो.

बेदाण्यांच्या विषबाधेत उलटी, मळमळ, खाण्यावरची वासना जाणे ही पहिली लक्षणे बहुधा सहा ते चोवीस तासांत दिसतात. मूत्रपिंडांना झालेली इजा रक्ततपासणीत दिसायला आणि मूत्र कमी व्हायला २४ ते ७२ तास लागू शकतात. मूत्र एकदा पूर्ण बंद झाले की कुत्रा वाचण्याची आशा फार थोडी उरते. याउलट खाल्लेले पोटातून बाहेर काढण्याचा उपयोग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो. म्हणजे उपचार जेव्हा सर्वांत परिणामकारक असतो नेमक्या त्याच काळात कुत्रा निरोगी दिसतो, आणि ‘काही वाटलं तर निघतो’ या अटीचा अर्थ उपचाराची वेळ टळल्यावर निघतो असाच होतो. बंड्या उड्या मारत होता, ही गोष्ट खरी असूनही त्या रात्रीच्या निर्णयात तिला वजन नव्हते.

तात्यांच्या अनुभवाबद्दल. बरीच कुत्री द्राक्षे खाऊन काहीही न होता राहतात, तर काही थोड्याशा बेदाण्यांनीही आजारी पडतात, हे पशुवैद्यकांना गेली वीसेक वर्षे कोड्यात टाकणारे होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यकांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवले. टार्टरिक आम्लाचे लवण असलेली बेकिंगची भुकटी आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाची तशीच इजा दिसल्यावर हा धागा जुळला. द्राक्षातील या आम्लाचे प्रमाण जातीनुसार, पिकण्यानुसार आणि हवामानानुसार बदलते, म्हणून एका बागेतील द्राक्षांनी काही झाले नाही हे दुसऱ्या पुडीबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय बेदाणा म्हणजे पाणी गेलेले द्राक्ष. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. तात्यांचे कुत्रे बागेत हिंडताना दहा-पंधरा मणी खात असेल, बंड्याने मात्र अर्ध्या तासात अर्धा किलो द्राक्षांइतका ऐवज पोटात घातला होता. (बेदाण्याची ही सारी संस्कृती आपल्याच भागातली. सोनाका ही द्राक्षाची जात तर ज्या नान्नजचा बेत यांनी सोडला होता तिथलीच. आपल्याकडच्या कुत्र्यांना हा पदार्थ जितक्या सहज मिळतो तितका तो क्वचितच कुठे मिळत असेल.)

घरगुती उपायांचा प्रश्नही लगेच आला. तात्या मिठाचे पाणी करायला निघाले होते, कोणी ताक सुचवले. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे ही आपल्याकडे खोलवर रुजलेली सवय आहे आणि कुत्र्यात ती धोकादायक आहे. उलटी झाली नाही तर ते सगळे मीठ रक्तात जाते, रक्तातील सोडियम वाढते आणि त्याचे झटके बेदाण्याच्या आधी जीव घेऊ शकतात. घशात बोटे घालणे, तेल पाजणे यांतही पदार्थ श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे. मी सांगितले ते एवढेच : काही पाजू नका, आणखी काही खाऊ घालू नका, पाणी त्याला हवे तेवढे प्यायला द्या, उरलेली पुडी बरोबर घ्या आणि निघा.

परतीचा प्रवास आणि उपचार

निर्णय शेवटी पालकांनी घेतला, पण तो अमलात आणला मित्रांनी. तात्यांच्या मुलाच्या मोटारसायकलवर बसून ते माचणूरला गेले आणि गाडी घेऊन डांबरी रस्त्याने वस्तीच्या फाट्यावर आले. तोवर पालक आणि तात्या बॅटरीच्या उजेडात बंड्याला चालवत फाट्यापर्यंत घेऊन आले होते. मतभेद असूनही तात्या स्वतः सोबत चालले, आणि तंबू तसाच उभा ठेवून ‘‘सामान सकाळी पोचवतो, तुम्ही व्हा फुडं’’ म्हणाले. यातली प्रत्येक मिनिटाची बचत उपयोगी पडली. साडेनऊला बंड्या माझ्या टेबलावर होता, म्हणजे खाल्ल्यापासून सुमारे अडीच तासांनी.

उलटी आणणारे इंजेक्शन दिल्यावर दहाएक मिनिटांत फुगून टपोरे झालेले बेदाणे मोठ्या प्रमाणावर बाहेर आले. बेदाणे पोटात बराच वेळ तसेच राहतात, त्यामुळे एवढ्या उशिरानेही ते मिळाले, परंतु सगळे बाहेर आले असे मानता येत नव्हते. उलटी थांबवणारे औषध देऊन सलाईन सुरू केली. मूत्रपिंडांतून भरपूर द्रव वाहता ठेवणे हाच या उपचाराचा गाभा आहे, आणि तो ४८ तास चालवला. मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणारे दोन घटक, क्रिएटिनिन व युरिया, सुरुवातीलाच तपासून घेतले, कारण नंतरचे आकडे कशाशी ताडायचे ते ठरवण्यासाठी पहिला आकडा हाताशी लागतो. मग दररोज, असे ७२ तासांपर्यंत तपासले. मूत्र किती होते ते मोजण्यासाठी पिंजऱ्यात शोषक कापड अंथरून ते कोरडे व ओले असे दोनदा तोलले.

रविवारी पहाटे बंड्याला दोन उलट्या झाल्या आणि दुपारपर्यंत त्याने अन्नाला तोंड लावले नाही. वस्तीवर थांबले असते तर याच सुमारास, तंबूतून, त्यांचा मला पहिला फोन आला असता. सोमवारी तो जेवला. क्रिएटिनिन सगळ्या तपासण्यांत मर्यादेतच राहिले, मूत्राचे प्रमाण कमी झाले नाही. मंगळवारी रात्री त्याला घरी पाठवले, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेही ठीक होते.

विष पोटात गेले असूनही इजा झाली नाही, याचे श्रेय उपचाराला द्यायचे की बंड्याच्या प्रकृतीला, हे या एका प्रकरणावरून सांगता येणार नाही. तो न आणता बरा राहिलाच असता, असे मित्रांनी नंतर एकदा म्हटले, आणि ते शक्य आहे. मात्र ज्या रात्री निर्णय घ्यायचा होता त्या रात्री ही शक्यता किती, हे कोणालाच मोजता येत नव्हते. हाताशी दोन आकडे होते, दोन्ही धोक्याच्या बाजूचे.

दोघांमधला भाग

दवाखान्यात ते दोन दिवस मित्रच अधिक वेळ बसून होते. खर्चाचा निम्मा वाटा त्यांनी देऊ केला, पालकांनी तो नाकारला, त्यावरून थोडे ताणले गेले. शेवटी पालकांनी पैसे घेतले आणि मला वाटते ते योग्य झाले, कारण न घेण्याने मित्रांच्या माथी आलेला दोष तसाच राहिला असता. मुळात दोष असा कोणा एकाचा नव्हताच. कुत्रा ज्याचा त्याने कुत्र्याचे पाहायचे, आणि बरोबर येणाऱ्याने बाकीचे, ही वाटणी सोयीची वाटते म्हणून बहुतेक जण करतात. पण कुत्र्याला धोका कुत्र्याच्या सामानातून येत नाही, तो माणसांच्या सामानातून येतो. आपले खाणे, आपली औषधे, आपले च्युइंगगम. याच सहलीत मित्रांच्या सॅकमध्ये डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेनच्या गोळ्याही होत्या, ज्या कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना बेदाण्यांइतक्याच घातक ठरू शकतात. चटणीतला लसूण, भडंगातला कांदा यांचीही मोजदाद कोणी केली नव्हती.

त्यामुळे त्यांना मी सुचवले ते साधे आहे : निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही सॅक एकाच चादरीवर पूर्ण रिकाम्या करायच्या, आणि प्रत्येक खाण्याच्या व औषधाच्या वस्तूबद्दल कुत्र्याच्या पालकाने मोठ्याने हो किंवा नाही म्हणायचे. जे नाही ते घरी राहील, आणि न्यावेच लागले तर झाकण फिरवून घट्ट बंद होणाऱ्या डब्यात, कुत्र्याच्या तोंडाच्या वर टांगून. बाहेरच्या जाळीच्या खिशात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. दमलेला कुत्रा झोपला आहे म्हणून त्याला अन्नाजवळ मोकळा सोडायचा नाही, कारण दिवसभर चाललेला कुत्रा भुकेलाही असतो. आणि मुक्कामाच्या जागेपासून गाडी किती दूर आहे, रात्री ती कोण आणि कशी आणेल, याचे उत्तर निघण्यापूर्वी माहीत असावे. या वेळी ते तात्यांच्या मुलाच्या रूपाने समोर उभे होते, आणि तो भाग निव्वळ योगायोगाचा होता.

बेदाण्यांच्या यादीत मी आता चिंचही घालतो. माघ-फाल्गुनात झाडाखाली चिंचा पडलेल्या असतात, आमटी-सारात चिंचेचा कोळ असतो, आणि उरलेली आमटी भाकरीवर ओतून कुत्र्याला घालणे ही आपल्या घराघरांतली रीत आहे. सत्यनारायणाचा शिराही त्यातच येतो, कारण शिजवल्याने किंवा भाजल्याने बेदाण्यांतील धोका जात नाही.

दोन आठवड्यांनी तात्यांचा फोन आला. बंड्याची चौकशी करून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘मग आता आमच्या कुत्र्याचं काय करायचं? तेला बागंत जायाचं सोडवायचं कसं?’’ त्याला आजवर काही झालेले नाही म्हणून पुढेही होणार नाही असे मी त्यांना सांगू शकत नव्हतो, आणि बागेची राखण करणारे कुत्रे बागेबाहेर ठेवा म्हणणेही शहाणपणाचे नव्हते. शेडच्या खालच्या थराला आतून जाळी मारावी, सुकवणीच्या दिवसांत त्याला शेडबाहेर बांधावे, सकाळी बागेत सोडण्याआधी पोटभर भाकरी घालावी आणि हंगाम संपल्यावर एकदा त्याचे क्रिएटिनिन तपासून घ्यावे, असे मी सांगितले. जाळी त्यांनी मारली आहे. तपासणीला मंगळवेढ्याच्या बाजारच्या दिवशी घेऊन येतो म्हणाले आहेत.